बाकावर बसवण्याचा हक्क

रेड क्रीक, मिशिगन
७ नोव्हेंबर १९९३

प्रिय सायमीताईस,
स. न. वि. वि.

तू, तुझा दुखरा गुडघा आणि तुझं म्हातारं मांजर, तिघंही ठीक असाल असं धरून चालते. इकडे बर्फ घोट्यापर्यंत आलाय. हरणांच्या शिकारीचे दिवस तोंडावर आले, त्यामुळे आमच्या रॉयचा अर्धा जीव बंदुकीत आणि अर्धा हवामानाच्या बातम्यांत. माझ्या बेकरीत वेलदोड्याच्या पावाला मागणी इतकी की मान वर करायला फुरसत नाही.

पण परवा मान वर केली आणि पेपर वाचला. तुमचं विद्यापीठ आइस हॉकीचे अधिकृत संघ काढायचं म्हणतंय, मुलांचा आणि मुलींचाही, आणि त्यावर मत द्यायला नऊ जणांची समिती नेमली आहे. त्या नऊ नावांत तुझं नाव वाचून हातातला ट्रे खाली ठेवावा लागला.

आमची तार्या दर आठवड्याला तुमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या त्या हौशी क्लबात गोलवर उभी राहते, ते तुला माहीत आहेच. क्लब आहे तोवर मी मनाची समजूत घालते, की एकोणिसाव्या वर्षाचं खूळ आहे, जाईल. पण एकदा विद्यापीठाचा संघ झाला, अंगावर त्यांचा रंग चढला, की ती मागे फिरायची नाही. ताई, वाइनोदादा गेला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याचा आवाज मला आता आठवत नाही. तो बर्फावर पडल्यावर सगळा हॉल एकदम गप्प झाला, ते मात्र आठवतं. अजून रस्त्यावर कुणी घसरल्याचा आवाज आला की मी श्वास धरून थांबते, उठलं का माणूस, म्हणून.

तू 'नाही' म्हण. मी तुझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही. रॉय म्हणतो की मी पोरीला कापसात गुंडाळून ठेवीन. ठेवीन, मिळाला तेवढा कापूस तर.

उत्तर लवकर धाड, आणि धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी एल्मा


पाइन हार्बर
१६ नोव्हेंबर १९९३

चि. एल्मास,
अनेक उ. आ.

गुडघा कुरकुरतो, मांजर त्याहून जास्त. पाव पोचला. अर्धा मी खाल्ला, अर्धा समितीला नेला, म्हणजे तिथे निदान तासभर तरी सगळ्यांची तोंडं बंद राहिली.

समितीचं म्हणशील तर इतिहासाचे एक गृहस्थ म्हणतात की ग्रंथालयाचं छप्पर गळतंय आणि आपण मुद्दाम पाणी गोठवायला निघालोत. प्रवेश-विभागाच्या बाईंचं म्हणणं, हॉकीवेडी मुलं शेजारच्या राज्यात शिकायला जातात, पाच वर्षांनी आपण रिकाम्या बाकांना शिकवू. कुस्तीचे कोच नुसता घाम पुसतात. नवा संघ आला की जुना एखादा जातो, आणि तो कुणाचा, हे त्यांना कळतंय. मी गप्प का, असं मला विचारलं. मी म्हटलं, रसायनशास्त्रवाले आधी बघतात, मग बोलतात.

तुला वचन देत नाही. दिलं तर त्या खुर्चीत बसायचा मला अधिकार राहत नाही. पण मला हॉकीचा उमाळा आहे असं समजू नकोस. माझ्या घराचा जवळचा रस्ता बर्फाच्या रिंकवरून जातो. मी अडतीस वर्षं लांबच्या रस्त्याने येते. तार्यालाही सांगून ठेवलंय, सूप प्यायला खुशाल ये, पण निकाल लागेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात हॉकीचा ह काढायचा नाही.

तू फार विचार करत बसू नकोस. हे मी कुणाला सांगतेय, ते मलाही ठाऊक आहे.

रॉयला सांग, हरणाला माझा नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच राहो.
सायमी


शुक्रवार, ३ डिसेंबर १९९३

ती. सायमीमावशीस,
तार्याचा शि. सा. न.

तुझ्या स्वयंपाकघरात बोलायची बंदी आहे, म्हणून हे पत्र तुझ्या विभागाच्या टपालपेटीत टाकतेय. लिहायची बंदी नाही, मी नीट आठवून पाहिलं.

आम्ही अकरा जणी आहोत. कुणालाच नको असते ती वेळ आम्हाला मिळते, सकाळी सहाची. आमची कोच म्हणजे भूगोलाच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी, तीही व्हॅन चालवता येते म्हणून. औषधाची पेटी आहे, तिच्यात चिकटपट्ट्या आणि कुणाचा तरी हातमोज्यांचा जोड आहे. आईला वाटतं की संघ झाला नाही तर मी खेळायचं सोडीन. सोडणार नाही. आमच्यातली एकही सोडणार नाही. तेवढं समितीला सांग.

बाकी अभ्यास ठीक. म्हणजे ठीक नाही. गेल्या रविवारी मी मागे पडले आणि डोकं गोलच्या खांबावर आपटलं. हेल्मेट होतं, रक्तबिक्त काही नाही. पण तेव्हापासून एकच ओळ तीनदा वाचावी लागते आणि वर्गातल्या दिव्यांनी मळमळतं. काल जिना उतरताना पायऱ्या जास्तच दिसल्या. होईल बरं. उद्या दहा वाजता सामना आहे आणि गोलवर उभी राहणारी मी एकटीच. सगळ्या म्हणतात, तू नसलीस तर सामनाच सोडून द्यावा लागेल, आणि समितीचं मत तोंडावर असताना सामना सोडला तर लोक काय म्हणतील.

आईला यातलं काही सांगू नकोस, शपथ आहे. ती रात्रीतून इथे येईल.

रागावलीस तरी सूप चालू ठेव.
तुझी तार्या


पाइन हार्बर
रविवार, ५ डिसेंबर १९९३

चि. एल्मास,
अ. उ. आ.

काल फोनवर तुला सांगितलं की पोरगी सुखरूप आहे. ती तशी आहेच, माझ्या सोफ्यावर पडदे ओढून झोपली आहे. फोनवर सांगता आलं नाही ते आता लिहिते.

तिचं पत्र माझ्या हाती काल सकाळी साडेनवाला पडलं. शनिवारी मी एरवी विभागात जात नाही, उत्तरपत्रिका विसरल्या म्हणून गेले. पायऱ्या जास्त दिसल्या, हे वाक्य वाचलं आणि पुढचं मला वाचता येईना. मी जवळच्या रस्त्याने गेले, एल्मा. या गुडघ्याने, बर्फातून, जमेल तेवढी पळत. पोचले तेव्हा सामना सुरू झाला होता. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. मग मी बर्फाभोवतीच्या लाकडी फळ्यांमधलं दार उघडून साध्या बुटांनी बर्फावर उतरले. पंचांनी शिट्टी वाजवली, लोक हसले. ते वेडी म्हातारी म्हणाले ते मला ऐकू आलं. तार्या ओरडली की मावशी, तू माझी लाज काढलीस, मी तुझं तोंड बघणार नाही. मी म्हटलं, नको बघूस, पण चल. तिचा चेहरा हेल्मेटच्या आत राखेसारखा होता. दार येईपर्यंत ती दोनदा भलत्याच बाजूला वळली.

डॉक्टर म्हणाले की मेंदूला आतून मार लागलाय, तो बाहेर दिसत नाही. तो भरून यायच्या आत दुसरा धक्का बसला, अगदी हलका जरी, तर मेंदू एकाएकी सुजतो. पुढचं ऐकायची मला गरज नव्हती.

आता दुसरी गोष्ट. वाइनो एकाच माराने गेला असं घरात सगळे समजत आले. तसं नव्हतं. सामन्याच्या पहिल्या भागात तो एकदा पडला होता. मधल्या सुट्टीत तो फळीपाशी माझ्याकडे आला आणि म्हणाला की डोकं फार दुखतंय, मला पकची चकती दोन-दोन दिसतेय, बाबांना सांग ना, मी बसतो. आणि मी, सतरा वर्षांची, माझ्या शेजारी माझ्या वर्गातल्या मुली, मी त्याला म्हणाले की सगळं गाव बघतंय, घाबरट कुठला, जा. तो हसला. गेला. मी बाबांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आई-बाबा गेले, त्यांनाही नाही.

तुला वाटत आलं की मी रिंकला भिते. मी रिंकला भीत नव्हते.

यापुढे लोभ मागायचा हक्क मला नाही. पोरीला घेऊन जा.
सायमी


रेड क्रीक
२० डिसेंबर १९९३

सायमीताईस,

तार्या घरी आहे. अंधाऱ्या खोलीत पडून असते. काल तिने अर्धं अंडं खाल्लं. रात्री मी तीनदा उठून तिचा श्वास बघते.

दुसऱ्या गोष्टीवर मला काही लिहिता येत नाही. ख्रिसमसला येऊ नकोस.

समितीत 'नाही' म्हण. आता तरी.
एल्मा


पाइन हार्बर
२८ जानेवारी १९९४

चि. एल्मास,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही, तू ठरव.

हे तुला पेपरातून कळू नये म्हणून आजच लिहिते. मी 'हो' म्हटलं.

गेले आठ आठवडे मी नीट झोपलेले नाही. मला 'नाही' म्हणायचं होतं. पण तार्याच्या पत्रात एक वाक्य होतं, की आमच्यातली एकही सोडणार नाही. मी एकेक मुलीला बोलावून विचारलं. दहाच्या दहा तेच म्हणाल्या. म्हणजे आमच्या 'नाही'ने खेळ थांबत नव्हता. फक्त सकाळी सहाला, त्या चिकटपट्ट्यांच्या पेटीसकट, कुणी बघत नसताना चालू राहणार होता.

मी समितीला तार्याचं सांगितलं. मग वाइनोचं सांगितलं. आठ परक्या माणसांत ते बोलणं सोपं गेलं, याचीही लाज वाटते. मी म्हटलं की माझं मत एका अटीवर. प्रत्येक सरावाला आणि प्रत्येक सामन्याला दुखापतींची जाणकार बाई किंवा गडी फळीपाशी उभा असेल. तिने खेळाडूला बस म्हटलं की खेळाडू बसेल. कोच, आईबाप, अध्यक्ष, कुणालाही तो शब्द फिरवता येणार नाही. इतिहासाचे गृहस्थ म्हणाले की अशाने संघ सामने हरेल. मी म्हटलं, हरू दे. शेवटी सहा विरुद्ध तीन. कुस्तीचा संघ राहिला, दोन वर्षांपुरता तरी. हौशी क्लबालाही तोच नियम लावून घेतला, उद्यापासून.

बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. उद्या त्या बर्फावर कुणाच्या पोरीला काही झालं तर तेही माझ्याच हातचं.

उत्तराची वाट बघेन. आलं नाही तरी.
सायमी


रेड क्रीक
१० एप्रिल १९९४

ती. सायमीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आता एक पान सलग वाचता येतं, पण डॉक्टरांनी सांगून टाकलंय की गोलवर पुन्हा उभं राहायचं नाही, कधीच नाही. संघ आला आणि मी त्यात नाही. महिनाभर मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या, नंतर त्याही संपल्या.

आई तुझ्याबद्दल बोलत नाही. तुझं पत्र मात्र तिने माझ्यासमोर दोनदा वाचलं, आणि बाबांनी तुझ्याबद्दल काही बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिने त्यांना गप्प केलं. ते चांगलं की वाईट, मला कळलं नाही.

सप्टेंबरात परत येईन. सूप मटणाचं कर.
तार्या


रेड क्रीक
१२ नोव्हेंबर १९९५

प्रिय सायमीताईस,
स. न. वि. वि.

दोन वर्षांनी हे चार शब्द लिहिताना पेन अडखळलं.

काल तुमच्या मुलींच्या संघाचा पहिला सामना होता. मी आले होते. तुला सांगितलं नाही, रॉयलाही नाही. त्याला म्हटलं, पीठ आणायला जाते. दारात तार्या तिकिटं फाडत होती. मला बघून तिने आ वासला, पण तिकीट फाडलं. मी सगळ्यांत मागे, दाराजवळ बसले, म्हणजे पळता येईल. तू पुढे होतीस. माझ्यासारखीच तूही खुर्चीची कड धरून बसली होतीस. पूर्ण वेळ.

दादाचं मी या दोन वर्षांत रोज मनात उलटंसुलटं केलं. तुझा राग राग केला. मग सतराव्या वर्षी मी काय म्हटलं असतं, ते स्वतःला विचारलं. ताई, मीही तेच म्हटलं असतं. त्या हॉलमध्ये त्या दिवशी प्रत्येक जण तेच म्हणत होता, मोठ्याने. दुसरं काही म्हणायचं असतं, हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या भागात ती सात नंबरची पोरगी पडली, ते तू पाहिलंस. हॉल गप्प झाला. मी उठले, पण पाय दाराकडे जाईनात. पोरगी उठली, हात हलवून म्हणाली की मी ठीक आहे, आणि निघाली परत. तेव्हा ती निळ्या जाकिटातली ठेंगणी बाई फळीवरून वाकली आणि तिला बस म्हणाली. नुसतं बस. कोचने तोंड उघडलं आणि मिटलं.

मग ती पोरगी काय चिडली. काठी आपटली, हेल्मेट फेकलं, त्या बाईला नाही नाही ते बोलली. मी चांगली आहे, तुम्हाला काय कळतं, तुमच्यामुळे आपण हरणार, मी तुमचं तोंड बघणार नाही. गाल लाल, नाकातून पाणी, बाकावर पाय आपटत होती. तुम्ही हरलात, ते मला आज पेपरात कळलं. मी सामना पाहिलाच नाही. सामना संपेपर्यंत मी त्या एका पोरीकडेच बघत बसले. ती शेवटपर्यंत चिडलेली होती.

आपला दादा तुझ्यावर असाच चिडायला हवा होता गं. आठवडाभर बोलला नसता.

ख्रिसमसला ये. माया होती तशीच आहे, वाटेत जरा अडकली होती.
तुझी धाकटी,
एल्मा