खाडाखोडीची वही

३ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणालास, तेव्हाच ओळखलं की तुला एक अक्षर ऐकू गेलेलं नाही. चाळीस वर्षं लिफ्टच्या मशीनरूममध्ये कान झिजवलेस, आता माझ्यासाठी कुठून आणणार? म्हणून नेहमीसारखं पत्र.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काचबिंदूने दोन्ही बाजूंची नजर खाल्ली आहे. समोरचं नीट दिसतं, पण शेजारी कोण बसलंय ते मान वळवल्याशिवाय कळत नाही. बावीस फेब्रुवारीला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकेल, असं ते म्हणाले. नंतर काय काय करायचं नाही असं मी विचारलं. जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, असं सांगत सांगत शेवटी ते गमतीने म्हणाले की समुद्रात बुडी मारायला तर मुळीच जायचं नाही, पाण्याखाली लावायच्या चष्म्याचा दाब डोळ्याला सोसणार नाही. माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं.

एकतीस वर्षं मी सातवीला प्रवाळ शिकवलं. पान चौऱ्याऐंशी, एक तपकिरी चित्र, त्यातही छपाई फिसकटलेली. हा दगड नव्हे, हा जिवंत प्राणी आहे, असं मी दर वर्षी ठासून सांगायचे. एका मुलीने एकदा उभं राहून विचारलं होतं, की बाई, तुम्ही पाहिलाय का. मी तिला पुढचं पान उघडायला सांगितलं. ते मला अजून टोचतं.

ऑपरेशनच्या आधी जायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. म्हणजे हे सात आठवडे, पुढे कधीच नाही. प्रवाळ असलेलं एक बेट आहे, तिथे स्कूबाला, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून बुडी मारायला, नेणारी तीन दुकानं आहेत म्हणे. भरवसा कुणावर ठेवायचा, एवढंच सांग. जाऊ नकोस हे लिहून शाई वाया घालवू नकोस. माझ्या भावजयीला आशीर्वाद.

लोभ आहेच, त्यात सल्ल्याची भर घालावी.
तुझी ताई


८ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तोंडचं पाणी पळालं. चार पानं विरोधाची लिहिली होती. ती हिने वाचली आणि फाडली, आणि म्हणाली की विचारलंय तेवढंच लिहा. तेव्हा विचारलेलं लिहितो.

मला बुडीतलं काही कळत नाही. पण दोरीला टांगलेल्या पेटीत माणसं भरून खाली नेणाऱ्यांना मी जन्मभर तपासलं, आणि हा प्रकार काही फार वेगळा दिसत नाही. टाकीतली हवा आधी हुंगून बघ, तिला कसलाही वास येता कामा नये. तुझ्याबरोबर खाली एक जण फक्त तुझ्यासाठी असला पाहिजे. डॉक्टरची चिठ्ठी कोण पूर्ण वाचतो आणि कोण नुसती घडी करतो, ते पाहा.

पण सगळ्यात आधी बिघाडवही माग. बिघाड झाला, काम थांबवलं, परत पाठवलं, असं रोजच्या रोज लिहिलेली वही. ती कोरी किंवा चकचकीत असेल तर पायरी उतरून सरळ चालू लाग. यंत्र बिघडतंच, ताई. बिघाड लिहिलेला नसेल तर तो झाला नाही असं नसतं. खाडाखोडीची, घाणेरडी वही दिसली तर तिथे बस.

आणि ठोकून बघ. हसू नकोस. खुर्ची, जिना, टाकी, मी अजून सगळं ठोकून बघतो म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी धडधाकट आहे.

लोभ असावा आणि तो जमिनीवर परत यावा.
तुझा,
ठोक्या


४ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बेटावर सुखरूप पोचले. खोली लहान, पलंग कुरकुरतो, खिडकीतून धक्का आणि तीन होड्या दिसतात. काल तुझी विद्या काखोटीला मारून तिन्ही दुकानं पालथी घातली.

पहिलं दुकान अगदी आरशासारखं. भिंतीवर चौकटीतली प्रशस्तिपत्रं, थंडगार हवा. वही मागितल्यावर लगेच काढून दिली. बारा वर्षं, एकाच वळणाचं अक्षर, एक डाग नाही. एकही दिवस होडी चुकली नाही, असं मालक छाती फुगवून सांगत होता. मला तर ते शुद्धलेखनाच्या बक्षिसाचं वाटलं.

दुसऱ्या दुकानात मोठा गोडबोल्या भेटला. तब्येतीच्या कागदावरच्या सगळ्या प्रश्नांपुढे त्याने स्वतःच नाही, नाही अशा खुणा केल्या आणि मी पन्नाशीचीही दिसत नाही असं वर सांगितलं. तुझी ताई अडुसष्टची आहे. त्याला नमस्कार करून निघाले.

तिसरं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मालकीणबाई चांगल्या दणकट, मान उन्हाने रापलेली, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांची वही दमटपणाने फुगली आहे, दोऱ्याने बांधून ठेवतात. उघडली तर पानोपानी रद्द. प्रवाह जोराचा, रद्द. हवा भरायच्या यंत्राला तेलाचा वास, रद्द. नवरा-बायको भांडून आले, चित्त ठिकाणावर नाही, रद्द. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. मी टाकी ठोकून पाहिली, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. तिथे बसले रे बाबा.

लोभ वाढता ठेव, उरलेली काळजी मालकीणबाई करतील.
तुझी ताई


१० फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा कमी आहेत.

तुझ्या खाडाखोडीच्या वहीने माझा घात केला. पाचला गेले तर प्रवाह जोराचा, रद्द. सहाला त्यांना हवेचा वास आवडला नाही. मला तर काही वास आला नाही, तरी रद्द. सात आणि आठला वारा. आणि रोज त्या आरशासारख्या दुकानाची होडी माझ्या खिडकीखालून जाते, माणसं ओली होऊन हसत परत येतात.

कालचं तर तुला सांगायलाही लाज वाटते. वारा पडला होता, पाणी काचेसारखं, आणि मला सर्दी. नाक बंद असलं की खाली कानांवर दाब येतो, तेव्हा पडसं असल्यास सांगायचं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी नाक मोकळं करायची गोळी घेतली आणि साळसूदपणे जाऊन उभी राहिले. एकतीस वर्षं कॉपी करणारी पोरं पकडणारी मी, मालकीणबाईंनी बोलताना माझा ‘न’ नाकात अडकला, तेवढ्यावरून मला पकडलं. औषधाचा जोर पाण्याखाली उतरला तर कान फुटेल, आणि माझं तोल सांभाळणारं डोकं तिथेच गरगरेल, असं त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. वही काढून लिहिलं, गिऱ्हाइकाने सर्दी लपवली, रद्द. आणि त्याखाली माझी सही घेतली. वर्गाबाहेर उभं केल्यासारखी मी धक्क्यावर उभी होते.

सतराच्या सकाळी परतीची बोट आहे. पंधरापर्यंत त्यांनी नेलं नाही तर सोळाला मी पहिल्या दुकानाबरोबर जाणार, हे ठरवून टाकलंय. मला रागावू नकोस. मला ते बघायचंच आहे, ठोक्या. पुस्तकातलं ते फिसकटलेलं चित्र डोळ्यांपुढे घेऊन मला ऑपरेशनच्या टेबलावर जायचं नाही.

लोभ असू दे, उपदेश नको.
ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे सगळ्यात लवकर पोचेल अशा टपालाने पाठवतोय. उपदेश करत नाही. एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, हिलाही नाही, ती सांगतो.

नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती. एका मोठ्या कचेरीची लिफ्ट तपासायला गेलो. मशीनरूम धुऊन पुसून ठेवलेली, वही अशी सुबक की हातात घेऊन बघत राहावं. वर्षभरात एकही बिघाड नाही. मला वाटलं, असं काम पाहिजे. ब्रेक उघडून बघायचा होता, तो न बघता मी सही केली. नवव्या दिवशी लिफ्ट दोन मजले खाली सुटली. आत फरशी पुसणाऱ्या बाई होत्या, एकट्याच. जीव वाचला, पण पाय कायमचा आखडला. चौकशीत सगळा दोष देखभालवाल्यांवर गेला, मला कुणी एक शब्द विचारला नाही. मी त्यांना भेटायला गेलो आणि माझी सही होती हे सांगितलं. त्या म्हणाल्या की पुढच्या वेळी बघा. बस, एवढंच.

तेव्हापासून मी ठोकतो. तुम्ही सगळे हसता, मी हसू देतो.

तुला जे बघायचंय त्याचं मोल मला कळतं. तुझ्या हाती शेवटचा एकच दिवस उरला तरी त्या सुबक वहीबरोबर जाऊ नकोस. न बघता परत आलीस तर मी जन्मभर तुझी बोलणी खाईन, आवडीने खाईन.

लोभाची मला सध्या फार गरज आहे.
ठोक्या


१६ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातून शिल्लक राहिलेले सगळे.

तुझं पत्र चौदाला हातात पडलं. दोनदा वाचलं. मग जाऊन मालकीणबाईंना सांगितलं की सर्दी गेली आहे असं मला वाटतं, पण खात्री नाही. त्यांनी चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगितलं. काल त्यांनी मला गुडघाभर पाण्यात तासभर ताटकळत ठेवलं, नाक धरून कान मोकळे होतात का ते पुन्हा पुन्हा बघितलं, आणि नुसती मान हलवली. ती हो होती. मला रडू आलं.

सहा मीटर खाली गेलो, त्यांचा हात माझ्या दंडाला. ठोक्या, आधी एक सांगते. तो चष्मा लावला की सगळ्यांनाच बाजूचं दिसत नाही, फक्त समोरचं. मालकीणबाईही माझ्यासारखीच मान वळवून बघत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणापेक्षा कमी बघत नव्हते.

आणि काय बघत होते. तपकिरी काहीही नाही रे. जांभळं, शेवाळी, हळदी, आणि एक निळा ज्याला आपल्याकडे नाव नाही. गावच्या गाव वसलेलं, आणि प्रत्येक फटीत कुणीतरी राहणारं. तिथे शांतता असेल असं वाटलं होतं. खरं तर कडकड आवाज चालला होता, एक हिरवा मासा प्रवाळ चावून खात होता आणि ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी एका खडकावर ओणवी झाले. त्यावर तिळाएवढ्या फुलांची दाटी होती. माझी सावली पडली आणि ती फुलं एकामागून एक मिटली. सगळी. एकतीस वर्षं मी वर्गात हा प्राणी जिवंत आहे, जिवंत आहे म्हणून ओरडत होते, आणि त्यांनी मला पाहून हात आत घेतले. मी तिथेच त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. त्या मुलीचं नाव आठवलं नाही, पण तिला उत्तर दिलं.

मग पाठीमागून ठक ठक आलं. खाली हाक मारता येत नाही, म्हणून मालकीणबाई हातातल्या कड्याने टाकीवर दोनदा ठोकतात, म्हणजे वळून बघ. वळले तर दारापेक्षा मोठं कासव, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेलं. त्या ठोकत होत्या आणि मला तू दिसत होतास.

बावीस मिनिटांनी त्यांनी वरची खूण केली. टाकीत अर्धी हवा होती, मी काट्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, नाही. मी हट्ट केला नाही. ज्या हाताने पाच वेळा नाही म्हटलं, त्याला धरूनच तर मी खाली गेले होते. वहीत त्यांनी लिहिलं, गेलो, पाहिलं, आलो. सही माझी.

आज सामान बांधलंय. बावीसला ऑपरेशन झालं की दोन दिवस डोळ्यांवर पट्टी असेल. तेव्हा हे पत्र तू मला वाचून दाखव. तुला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून ओरडून वाचशील आणि सगळ्या वॉर्डाला प्रवाळ कळेल, कळू दे. आत आलास की बोलू नकोस, पलंगाच्या दांडीवर दोनदा ठोक. पट्टी असली तरी मी वळेन.

लोभ आता मागायचा उरला नाही, तरी असू दे.
तुझी ताई