आईची गाठ

चिनो, ९ जानेवारी १९५६

ती. मित्सुएताईस,
किसाबुरोचा सा. न. वि. वि.

यंदा मालकांनी मला हंड्यावर घेतलं. पहिला घाणा आपल्याकडच्या तेंगुसा शेवाळाचा लावला. गासडी आली की आधी फोडून मूठभर शेवाळ उकळून बघतात. मी बघितलं नाही. दोरीला आईची गाठ होती. ती आपल्या घरी कुणी कापत नाही, म्हणून गारठल्या बोटांनी सोडवली आणि सगळं हंड्यात टाकलं.

रस गाळून पेट्यांत ओतला. थिजून त्याच्या कांतेनच्या घट्ट वड्या व्हायला हव्या होत्या, पेज झाली. बाहेर थंडी कडाक्याची, पण गोठवायला वड्याच नाहीत. मालक म्हणाले, घरचं प्रेम घरी ठेव. पुढचा घाणा बिघडला तर मी पुन्हा शेतात, पेंढ्यावर वड्या उलटायला. काय चुकलं असेल?

तुझा किसाबुरो

इझू, १५ जानेवारी

चि. किसास अनेक आशीर्वाद.

उकळताना व्हिनेगर जास्त ओतलं असशील. लहानपणी भात चुलीवर ठेवून पतंगामागे पळायचास. करपलेलं भांडं मी घासायची. शेवाळ नेहमीसारखंच पाच वेळा धुऊन वाळवलं आहे. आई म्हणते, पोराला सांग, आच मंद ठेव. माझा डावा कान जरा दुखतो, काळजीचं काही नाही. सुके मासे पाठवते. आमची आठवण असू दे.

मित्सुए

चिनो, २१ जानेवारी

ताई,

दुसरी गासडी आधी फोडली. वर वीतभर आपलं तेंगुसा. आत खाडीतलं शेवाळ, केसांसारखं, न थिजणारं. ते कुणी भरलं?

किसाबुरो

इझू, २७ जानेवारी

चि. किसा,

ऑगस्टमध्ये तेंगुसासाठी बुडी मारताना कानाचा पडदा फाटला. तेव्हापासून पाण्यात उतरले नाही. तुला कळवलं असतं तर काम सोडून आला असतास. खाडीतलं शेवाळ मी काठावरून गोळा करून आणलं. गासड्या आईने भरल्या. मी म्हटलं, किसा ओळखेल. ती म्हणाली, माझी गाठ दिसली की तो आत बघायचा नाही, माझा पोरगा आहे तो.

हवं तेवढं रागाव. पत्र मात्र टाकत जा.

मित्सुए

चिनो, ३ फेब्रुवारी

ताई,

कान डॉक्टरला दाखव. मालकांना मी सगळं सांगितलं. आता पेंढ्यावर असतो.

उरलेल्या गासड्यांच्या दोऱ्या परत पाठवल्या आहेत. आखूड का म्हणून आईने विचारलं तर सांग, गाठी मी कापल्या.

किसाबुरो