कॅप्टनची ताटली

ड्युलूथ, मंगळवार

प्रिय सिग्ने,

सकाळी तुझ्या आईचा फोन आला. शर्यतीत धावताना, न पडता, न धडपडता तुझ्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, खाणं कमी पडून विशीतल्या पोरीची हाडं साठीच्या बाईसारखी झालीत. आई म्हणाली, "ती फक्त तिच्या कॅप्टनचं ऐकते गं. तूच सांग तिला, पोटभर खा म्हणून."

ऐकतेस, तिथंच तर घात झाला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी संघातल्या सगळ्या पोरी पास्ता खायला जमायच्या आणि आधी माझ्या ताटलीकडे बघायच्या. मला सगळ्यांत कणखर दिसायचं होतं. मी सॅलडची पानं चिवडायचे, म्हणून तूही पानंच चिवडायचीस. पाच महिने पाळी आली नाही, हे तू घाबरत मलाच सांगितलंस. मी हसले. "अगं वेडे, आता कुठे खरी धावपटू झालीस! आमचं सगळ्यांचं असंच असतं."

सिग्ने, माझी पाळी एकदाही चुकली नव्हती. जेवण आटोपलं की मी गाडीत बसून पीनट बटरची दोन सँडविचेस खायचे.

उद्या तुला भेटायला येतेय. सँडविचेस वर तुझ्या खोलीत घेऊन येईन. हे पत्र मात्र गाडीतच राहील.

तुझी कॅप्टन,
मारेन