अर्धी बाटली निवळी

ती. अप्पा,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि आज मी पत्र लिहायला बसले आहे, तेही जाब विचारायला. सुनेने सासऱ्याला जाब विचारू नये, हे मला कळतं. पण तुमच्या त्या खाऱ्या पाण्याच्या दोन फुटी माशांच्या टाकीने या दोन-अडीच महिन्यांत घरात जो गोंधळ घातलाय, त्याचा उलगडा मला होत नाही. तुमच्याशिवाय विचारू तरी कुणाला?

तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालात आणि दुसऱ्याच महिन्यात ती टाकी घरात आणलीत. आईंनी तेव्हा पदर खोचून विचारलं होतं, "भिवंडीत प्यायचं पानी धड येत न्हाय, आनि तुमी खारं पानी पाळताय?" तुम्ही हसलात आणि चहा मागितलात. त्या दिवसापासून आईंसाठी ती टाकी म्हणजे 'डबकं'. "डबक्याशेजारी बसलेत," असं त्या फोनवर वन्संना सांगायच्या.

आणि त्यात काय होतं? दोन मासे आणि ठाण्याच्या काकांनी दिलेला प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा. टाकीतच वाढवलेला आहे, समुद्रातून ओरबाडलेला नाही, हे तुम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगायचात. मला वाटायचं, दगड आहे. तुम्ही म्हणालात, "दगड नाही गं, जनावर आहे. त्याला हाडं धरायची असतात. कॅल्शियम लागतं." मग आईंच्या गुडघ्यांकडे बघून म्हणालात, "या घरात दोघांना लागतं." आई दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नव्हत्या.

त्याचं कॅल्शियम दुकानात बाटलीत मिळायचं. तुम्ही एकदाच आणलीत, मागचं लेबल वाचलंत आणि म्हणालात, एवढ्यात महिन्याचं वाणसामान येतं. मग रसायनांच्या दुकानातून चुन्याची पिशवी आली. शाळेत पोरांना तीस वर्षं करून दाखवलीत तीच चुन्याची निवळी. बरणीत चमचाभर चुना, वर फिल्टरचं पाणी, झाकण घट्ट. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी बाटलीत काढायचं आणि सलाईनच्या नळीने थेंब थेंब टाकीत सोडायचं. टाकीतलं जेवढं पाणी आटतं तेवढंच. काचेवर तुम्ही लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती, पाणी तिच्या वर जाता कामा नये. शेजारच्या कारखान्यातून उडून आलेला कापूस रोज पाण्यावर साचायचा, तो तुम्ही चहाच्या गाळणीने काढायचात. ती गाळणी कुठली, हे आईंना कळलं त्या दिवसाबद्दल लिहीत नाही.

तुमचा तो नाद इतका होता, की गुडघ्यांसाठी आईंना अकलोलीच्या गरम पाण्यात बुडवून आणायला गेलात आणि कुंडाचं पाणी बाटलीत भरून आणलंत, तपासायला. आई अजून ते सांगतात. पूर्वी रागाने सांगायच्या. आता कसं सांगतात, ते मला नीट कळत नाही.

तर जाब असा.

दवाखान्यात तुम्ही मला जवळ बोलावलंत. तुमचा लेक निलेश औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही म्हणालात, "वृषाली, संध्याकाळी दिवा लावलास की अर्धी बाटली निवळी सोडत जा. गाळ हलवू नकोस." मी विचारलं, "अर्धीच?" तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, दमलात. मी परत विचारलं नाही. का नाही विचारलं, अप्पा? दोन मिनिटांचा तर प्रश्न होता.

तुमचे दिवस झाल्यावर मी रोज संध्याकाळी अंजूरच्या गोडाउनमधून आले की दिवा लावायचे आणि अर्धी बाटली सोडायचे. दर रविवारी तुमच्या त्या किटने पाणी तपासायचे. गुलाबी पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. कॅल्शियम चारशेच्या वर हवं, असं तुम्ही शिकवलं होतं. पहिल्या रविवारी कमी आलं, दुसऱ्या रविवारी आणखी कमी. मग मी तुमची वही उघडली. पहिल्याच पानावर तुमच्या अक्षरात, 'रोज एक बाटली.' मी म्हटलं, बघा, अप्पा तापात अर्धी म्हणाले. आणि मी पूर्ण बाटली सोडायला लागले.

तरी कॅल्शियम खालीच. जितकं घालावं तितकं कमी होतं, असं कुठे असतं का? हीटरवर पांढरा थर बसला, पंप कुरकुरायला लागला. पाणी आटायचं सोडून लाल रेघेच्या वर चढायचं, मग मी वाटीभर काढून टाकायचे. बरणी भराभर रिकामी व्हायची. एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. गोडाउनमध्ये दिवसभर आवक-जावक जुळवणारी बाई मी!

प्रवाळ मिटला. एका बाजूने पांढरा पडायला लागला. तो आता माझ्या मुठीएवढा होता, अप्पा. तुमच्या हातून घरात वाढलेलं शेवटचं जे काही होतं, ते माझ्या हातून जात होतं. मला रडू येत होतं आणि दगडासाठी काय रडायचं म्हणून रडताही येत नव्हतं.

निलेश म्हणाला, "तुला झेपत नाहीये. कल्याणचा दुकानवाला रविवारी येतोय, त्याला देऊन टाकू." मी आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "जाऊ दे डबकं. जागा तरी मोकळी व्हईल." मी म्हटलं, ठीक आहे. पण मला ठीक वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी रिक्षात बसले आणि लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. परत आले. शेजारच्या कारखान्यातले लूम चालू होते, त्या खडखडाटात दार उघडल्याचं आईंना ऐकू आलं नाही. त्या टाकीसमोर तुमच्या स्टुलावर बसल्या होत्या. एका हातात त्यांची कॅल्शियमची गोळी, दुसऱ्या हातात निवळीची बाटली. पूर्ण भरलेली.

"आई, हे काय?"

त्या दचकल्या आणि मग माझ्यावरच चिडल्या. "काय म्हंजे? रोज घालते मी. ह्यांनी सांगितलंय. सकाळी माझी गोळी घेतली का त्याला निवळी."

"किती सांगितली होती?"

"अर्धी बाटली. पन आता ते न्हाय, म्हनून मी पुरी घालते. पोरकं झालंय ते."

अप्पा, मी तिथेच खाली फरशीवर बसले. मला हसू येत होतं, की आणखी काही, सांगता येत नाही. सकाळी एक बाटली, संध्याकाळी एक बाटली. ठाण्याच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, चुना जास्त झाला की पाण्यातलं कॅल्शियमच त्याच्याबरोबर पांढरं होऊन बसतं. तो हीटरवर बसलाय ना थर, तेच तुमचं कॅल्शियम. दोन-चार दिवस काही घालू नका, थोडं थोडं पाणी बदला.

आता मला सांगा, तुम्ही दोघींना एकेकटीला गाठून का सांगितलंत?

निलेश म्हणतो, शेवटी अप्पांना काही आठवत नव्हतं, एकच गोष्ट दोनदा सांगितली. आई म्हणतात, "ह्यांचा माझ्यावर भरोसाच न्हवता, म्हनून तुला बी सांगितलं." मला आधी वाटलं, माझ्यावर नव्हता. पण विसरलात म्हणावं, तर दोन्ही वेळा अर्धीच कशी सांगितलीत? दोन अर्ध्या मिळून वहीतली एक बाटलीच होते. त्यांना सकाळ आणि मला संध्याकाळ कशी दिलीत? नऊ वर्षं या घरात सकाळचा ओटा आईंचा आणि संध्याकाळचा माझा. भांडण नको म्हणून आम्ही न बोलता करून घेतलेली वाटणी. तुम्ही ती टाकीलाही लावलीत का? मुद्दाम? की सहज?

आणि मुद्दाम असेल, तर रागच येतो मला. आम्ही दोघी एकमेकींना काही सांगत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं? ती आमटी विसरलात? आईंनी मीठ घातलं होतं, मी आल्यावर पुन्हा घातलं, आणि तुम्ही ती वाटीभर मुकाट्याने प्यायलात. तेव्हाच वाटी आपटून म्हणायला हवं होतंत, "एकमेकींना विचारत जा." तुमचं ते गप्प बसणं सगळ्यांना चांगुलपणा वाटायचा. मलाही. आता नक्की काय वाटतं, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

रविवारी कल्याणचा माणूस बादल्या घेऊन आला. निलेश त्याला आत बोलावत होता. मी काही बोलायच्या आत आई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "द्यायची न्हाय," म्हणाल्या. "आमची निवळी चालू हाय." खरं तर त्या दिवशी निवळी बंद होती, काकांनीच सांगितलं होतं. पण मी दुरुस्त केलं नाही. तो माणूस बिचारा चहा घेऊन गेला. आईंनीच केला चहा, आणि तो डबक्याकडे बघायला लागला तशा म्हणाल्या, "टाकीत वाढवलेलं हाय, समुद्रातलं न्हाय."

काल संध्याकाळी मी पाणी तपासलं. बाटली माझ्या हातात होती आणि थेंब आई मोजत होत्या, मोठ्याने, जपाच्या माळेसारखे. पाणी गुलाबीच राहिलं, राहिलं, आणि मग आई थांबल्या. "निळं झालं गं." चारशेला अजून कमी आहे, पण मागच्या रविवारपेक्षा जास्त. प्रवाळाची पांढरी बाजू पांढरीच आहे. दुसऱ्या बाजूला एक-दोन तोंडं उघडल्यासारखी दिसतात. आई म्हणतात उघडलीत, मला खात्री नाही. आम्ही बराच वेळ त्यावर वाद घातला. नऊ वर्षांत एवढं आम्ही कधी बोललो नव्हतो.

जगेल का तो, मला माहीत नाही. तुमच्या मनात काय होतं, तेही माहीत नाही, आणि आता कळणार नाही, हे मला अजून पटत नाही. एवढंच सांगते: उद्यापासून पुन्हा निवळी सुरू. सकाळी आईंची अर्धी, संध्याकाळी माझी अर्धी. आणि घरात आले की चप्पल काढायच्या आधी मी त्यांना विचारेन, "आई, तुम्ही घातलीत का?" आमटीतल्या मिठाचंही विचारेन.

तुमच्या अर्ध्या बाटलीची सून,
वृषाली