बाबा परत येईपर्यंत

रविवार, ७ मार्च
गेली! अब्रू गेली! आज चर्चमध्ये बाबांच्या जागी पहिल्यांदा पियानोवर बसले. पाळकांचा उपदेश चालू असताना मागे हळू वाजवत राहायचं, त्यांचा आवाज चढून थांबला की दणक्यात कॉर्ड, म्हणजे तीनचार सूर एकदम, द्यायचे – मग सगळी मंडळी उठून गाते. ते थांबले. मी दिले. मंडळी उठली, टाळ्या, गाणं! पाळक मात्र पाण्याचा पेला हातात धरून तसेच उभे. अर्धा उपदेश पोटातच राहिला त्यांच्या.

बाहेर तिघांनी गाठून आभार मानले. "दर रविवारी असंच कर गं बाई!"

सोमवार, ८ मार्च
बाबा पेटलेत. "तोंड काय बघतेस त्यांचं? हात बघ! पेल्याकडे गेला की गप्प बसायचं." अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात मेलाय, जीभ दुप्पट चालते. "आणि माझं स्टूल खालीवर करू नकोस. मी येईपर्यंतच बसायचंय तुला." डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. आई माझ्याकडे बघते, मी आईकडे.

गुरुवार, ११ मार्च
क्वायरचा सराव. मुख्य गाणारी आमची आत्या – भडकली! "हे तुझं हॉटेल नाही! इतके सूर कोंबतेस, मला माझा सापडत नाही." हॉटेलात मी जॅझ वाजवते. लोक जेवत असतात, हवा तो धुडगूस घालते. इथे मेले सगळे कान देऊन ऐकतात!

बुधवार, १७ मार्च
आज बाबांनी घरच्या पियानोवर मला डावीकडे बसवलं. "डावा हात तू, उजवा मी." एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना ते मध्ये एक आंबटसा कॉर्ड घालतात, की पुढचा आणखी गोड लागावा. मी त्यात माझे दोन जास्तीचे सूर घुसडले. "काढ ते! गाणारीला श्वास घ्यायला जागा ठेव." काढले. च्यायला, काय सुंदर लागलं!

तेवढ्यात मी बोलून गेले – "बाबा, हात परत येणार नाही म्हणाले डॉक्टर."

ते उजव्या हाताने वाजवतच राहिले. मग म्हणाले, "फार जड वाजवतेस." आणि उठून गेले. मी तिथेच बसून रडले.

शनिवार, २० मार्च
बाबांचा अबोला. आईशीसुद्धा. जेवतात मात्र पोटभर.

रविवार, २१ मार्च
माझ्यावर नजर ठेवायला पहिल्या रांगेत बसणारे बाबा आज तिथे नाहीत. मग क्वायर आत आला – आणि शेवटच्या ओळीत, झगा घालून, बाबा! जन्मात कधी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. का ते आज कळलं. भयंकर बेसूर! आत्याने डोळेच मिटले. बाबांनी माझ्याकडे बघून हनुवटी उचलली – वाजव जोरात, चढव. चढवलं मी.