पाहुणे कुठपर्यंत आले

राणीसावरगाव,
सोमवार, ६ ऑक्टोबर

श्री. व्याहीबुवा आबासाहेब यांना चंद्रभानचा रामराम. विहीणबाई कोंडाबाईंना नमस्कार. जावईबापू हरिओमला आणि आमच्या भक्तीला आशीर्वाद. इकडं आमी खुशाल, म्हणजे मी आणि शेळ्या. तुमी जिंतूरला समदे खुशाल असाल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय तुमी ठेवली न्हाई.

कागद बघून हसू नका. फोन केला तर तुमी "आवाज येईना" म्हणून ठेवून देता. ग्रुपवर तर मे महिन्यापासून तुमचं नावच न्हाई. 'ढगाळ मंडळी' तुमच्यावाचून पार सुनी पडली हो. परवा पप्पू मोबाईलवाल्यानं व्हिडिओ टाकला, गंगाखेडला आत्ता ढगफुटी झाली म्हणून. बघतो तर मागं समुद्र! गंगाखेडला समुद्र कवा आला रे, असं त्याला ठणकावणारं माणूस आता ग्रुपात राहिलं न्हाई. बाकीचे हात जोडलेली चित्रं टाकून मोकळे होतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तुमची लय आठवण झाली. डोंगराच्या अंगाला एक ढग उठला. आधी कोबीच्या गड्ड्यासारखा वर वर, आणि मग माथा असा पसरला, की लोहाराची ऐरणच. आत वीज खेळायलेली, पण आवाज न्हाई, इतका लांब. मी गच्चीवर उभा. वारं फिरलं, मातीचा वास आला, आणि माझ्या तोंडून "ये बाबा, ये" निघून गेलं. खालून शेजारची सुलाबाई ओरडली, "आरं चंद्रभान, लोकांचं सोयाबीन कापून पडलंय अन् तू कुणाला आवतन द्यायलास?" तिचं बराबर हाय. माझंबी गंजी लावून पडलंय. पण ढग दिसला की मला शेत दिसत न्हाई, हा रोग तुमालाबी हाय, म्हणून तुमाला लिहितो. तो आला न्हाई. लातूरच्या अंगाला निघून गेला.

आता पुढचं विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. मे महिन्यात काय झालं ते तुमी त्यांना धड सांगितलं न्हाई, नुसते हसत बसलात, असं भक्ती म्हणते. तर मीच सांगतो.

विहीणबाई, आमच्या ग्रुपात वादळाला वादळ म्हणत न्हाईत. लोकांचा माल उघड्यावर असतो. अशात कुणी "येऊ द्या, मोठं येऊ द्या" म्हणालं, तर गाव जोड्यानं हाणील. म्हणून तुमच्या मालकांनीच तोड काढली, वादळाला पाहुणे म्हणायचं. ढग चालू लागले की पाहुणे निघाले. वीज जास्त असली की पाहुणे तापट हायत. गारा असल्या की पाहुण्यांसंगं लेकरं हायत. घरच्यांना वाटावं सोयरीकच चाललीय, आणि आमी आपले ढग मोजत बसावं.

त्या दिवशी मी लिहिलं होतं, "पाहुणे निघाले. गंगाखेड ओलांडलं. पाच-सहा मोठे हायत, संगं लेकरंबी हायत. आबासाहेब, तयारीत राहा, थेट तुमच्याच घरी यायलेत." आबासाहेब शेतात, फोन घरात चार्जिंगला. वाचलं तुमी. आणि भक्तीला तेव्हा तिसरा सरून चौथा लागलेला. तुमाला वाटलं, माहेरची माणसं पोटुशा लेकीला चोरचोळी घेऊन निघाली. कुणालाबी तेच वाटलं असतं. तुमी पुरण शिजायला टाकलं, शेजारच्या बायका बोलावल्या, ओट्यावर सतरंजी टाकली. आणि संध्याकाळी मला फोन केलात, "व्याहीबुवा, पाहुणे कुठपर्यंत आले?"

आणि मी येड्यानं सांगितलं, "आले की! गच्चीवर जाऊन बघा, डोक्यावरच हायत!"

तुमी गच्चीवर गेलात, आणि गारा सुरू झाल्या.

मला हसू आवरलं न्हाई, हे खरं. तिकडं आबासाहेब भिजून घरी आले, त्यांना कळलं, तर तेबी हसत भिंतीला टेकले. त्याच रात्री तुमी त्यांना ग्रुपातून काढलंत. त्यावर मी काय बोलणार? मीबी काढलं असतं.

पण पुरणाचं तुमाला काही वाटलं न्हाई, हे मला मागाहून भक्तीकडून कळलं. सतरंजीवर बसलेल्या बायकांपैकी एकीनं इचारलं म्हणे, "पोरीच्या माहेराला चोळी आणायला बाईमाणूसच न्हाई का कुणी?" आणि तुमी त्यांच्या पानात पोळ्या वाढत राहिलात. भक्तीनं हे रडत सांगितलं. ती म्हणाली, आत्याबाईंना माझ्यापरीस जास्त लागलं.

येत्या दिवाळीत भक्तीच्या आईला, कडूबाईला, जाऊन वर्ष होईल. चोळीचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई, विहीणबाई. कोणत्या महिन्यात काय न्यायचं, कुणाला काय नेसवायचं, हे समदं ती बघायची. मी फक्त पिशव्या धरायचो. ती गेल्यावर मला दाण्याचा कूट कोणत्या डब्यात ठेवलाय ते सापडायला किती दिवस गेले. तर चोळी काय सापडणार.

बघा, ढगाचं लिहायला बसलो आणि इथं आलो. आता खरं काय ते लिहून टाकतो.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. सातव्यात लेक आणायची असते. सातवा गेला, आठवा सरला, आता दिवाळीच्या आसपासची तारीख दिलीय डॉक्टरनं. मी रोज वाट बघतो, की तुमचा निरोप येईल, येऊन घेऊन जा. आधी वाटायचं, रुसलेत, रुसवा निघाला की धाडतील. दसऱ्याला सोनं द्यायला यायचं म्हणून कपडे घातले आणि परत काढले. तोंड कसं दाखवावं कळंना. मग परवा भक्तीला सरळच विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, रुसवा न्हाई हो. आत्याबाई म्हणतात, तिथं बाळंतिणीचं करणार कोण?"

त्याला जवाब देणं मला भाग हाय. खोलीला चुना मारलाय. बाज नव्या सुतळीनं विणली. शेण्या वाळवून माळ्यावर टाकल्यात, धुरीला. सुलाबाईनं न्हाऊ-माखूचा जिम्मा घेतलाय, तिनं गावातली अर्धी लेकरं न्हाऊ घातलीत. डिंकाचे लाडू मी केले. पहिले दगड झाले, दुसरे खाता येतात. कडूबाईच्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून घेतली. घरात बाई न्हाई, हे खरं. पण घर हाय, आणि मी हाय.

मला माझी लेक घरी पाहिजे. तिच्या आईच्या खोलीत पाहिजे. या घरात परत एकदा लेकराचं रडणं ऐकावं, एवढंच मनात हाय. येत्या शनिवारी गाडी घेऊन येतो. आभाळ आठवडाभर कोरडं हाय, मी सगळे नकाशे बघितलेत, रस्त्याची काळजी करू नका. धाडा तिला.

आपला,
चंद्रभान

परभणी बसस्टँड,
मंगळवार, दुपार

आबासाहेब, वरचा कागद सकाळी पेटीत टाकायचा होता. टाकला न्हाई.

सकाळी शेळ्यांचं आवरलं आणि रोजच्यासारखा नकाशा उघडला. उपसागरातलं ते कमी दाबाचं क्षेत्र, जे वर ओडिशाकडं जाणार म्हणत होते, ते रातून खाली वळलं. तेलंगणातून सरळ आपल्याकडं. दोन-तीन ठिकाणचे अंदाज ताडून बघितले, समदे एकच सांगायलेत. शुक्रवारपासून पुढं चार दिवस, आणि सगळ्यात दाट रंग कुठं, तर गंगाखेडच्या खाली आमच्या माथ्यावर. असा रंग मी इतक्या वर्षांत बघितला न्हाई. ग्रुपात लोक नाचायलेत. सटवाजीनं लिहिलं, "चंद्रभानराव, यंदा तुमच्याकडं लग्नघर!" दुसऱ्या कुठल्या साली मीबी नाचलो असतो. आज पहिल्यांदा मी गच्चीवर चढून आभाळाला म्हणालो, येऊ नको. सुलाबाईनं खालून बघितलं आणि आपल्या कामाला लागली.

आमच्या रस्त्याचा फरशी पूल तुमाला मालूम हाय. जोराचा पाऊस झाला की ओढा त्याच्यावरून जातो आणि गाव तुटतं. पाणी उतरलं तरी दिवाळीपर्यंत रस्त्याचा भरवसा न्हाई. पोरीला अवेळी कळा लागल्या, तर गंगाखेडच्या दवाखान्यात न्यायचं कसं? तुमच्या दारातून दवाखाना पायी जाता येतो.

माझ्या मनात काय आलं तेबी लिहितो. आज मंगळवार. आजच गाडी केली असती, तर पाऊस यायच्या आत लेक घरी आली असती. पाऊस मागून येवो. तुमाला कळलंबी नसतं. तुमी ग्रुपात न्हाई, नकाशा बघायचं सोडलंय म्हणे, आणि वर मीच लिहिलेलं, आभाळ कोरडं हाय. त्या ओळीवर तुमी डोळे मिटून इश्वास ठेवला असता. चार घरं सोडून गाडीवाला राहतो, त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. तो दात घासत होता. "कुठं जायचं आप्पा?" म्हणाला. मी म्हणालो, कुठं न्हाई, आणि परत आलो.

तर विहीणबाई, भक्तीला धाडू नका. मी घ्यायला आलो, रडलो, पाया पडलो तरी धाडू नका. तुमचंच बराबर होतं, कारण वेगळं असलं तरी.

शेळ्या सुलाबाईकडं बांधल्या. सोयाबीनची गंजी ताडपत्रीनं झाकली, वर दगड ठेवले, बाकी तिचं नशीब. दुपट्यांचं गाठोडं आणि लाडवांचा डबा घेतला, दुसऱ्या खेपेचे, आणि निघालो. इथं जिंतूरची गाडी लागायला वेळ हाय म्हणून हे लिहायलोय. शेजारी एक बाई लेकराला शेंगा सोलून देते, ते लेकरू माझ्या कागदाला हात लावायलंय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

मी राहायला यायलोय. चार दिवसांसाठी न्हाई, नातवंडाचं तोंड बघेपर्यंत. सोयऱ्याच्या दारात असं गाठोडं घेऊन येऊन बसणं शोभत न्हाई, लोक काय म्हणतील ते मला पाठ हाय. ओट्यावर झोपीन. पाणी भरीन, जनावरांचं बघीन, दवाखान्यात रातभर बसायला माणूस लागतं, तिथं बसीन. बाळंतिणीचं करायला विहीणबाई हायत. बाकीचं उरलंसुरलं मी करीन.

एक गोष्ट तेवढी राहिली. आमच्या घरात चाल हाय, लेकीला लेकरू होईस्तोर तिच्या सासरचं पाणी घ्यायचं न्हाई. माझ्या बापानं पाळली, मी पाळली. लग्नानंतर दोन-तीनदा तुमच्याकडं आलो, तर पिशवीत बाटली घेऊन आलो, तुमी पुढं केलेला तांब्या नुसता हात लावून ठेवला. विहीणबाईंनी तांब्या उचलून नेला, तेव्हा त्यांचं तोंड मी बघितलं होतं. चोळीचं मला कळलं न्हाई. तांब्याचं कळत होतं, तरी मी चालीचं कौतुक करत बसलो. आता तुमच्या घरात महिना काढायचा आणि पाणी बाहेरचं प्यायचं, हे जमायचं न्हाई. आणि जमलं तरी मला जमवायचं न्हाई. बापाला वर गेल्यावर काय सांगायचं ते सांगीन.

तोंडानं मला यातलं एकबी वाक्य बोलता येणार न्हाई, मी ढगाचं बोलू लागीन. म्हणून हा कागद तुमच्या हातात देणार आणि बाहेर जाऊन बसणार. विहीणबाईंना समदा वाचून दाखवा, गाळू नका. नको म्हणाल्या, तर तुमी बाहेर येऊ नका. संध्याकाळची गाडी मला मालूम हाय, मी समजून जाईन, आणि मनात काही धरणार न्हाई.

हो म्हणाल्या, तर त्यांच्याच हातानं तांब्या बाहेर धाडा.

तुमी हे वाचताय तेव्हा मी तुमच्या ओट्यावर बसलोय. सकाळपासून तहान लागलीय.

चंद्रभान