पडणारा बर्फ, उडणारा बर्फ

पनवेल, शनिवार, संध्याकाळ

आज लिहायला बसले ते एका क्रियापदामुळे. हिमालयात जाणाऱ्या गटासाठी मी सूचनापत्रक मराठीत करून दिलं. त्यात होतं, ‘बर्फ उडत असेल तर तंबू सोडू नका.’ गिर्यारोहण मंडळाच्या साठ्यांनी परस्पर ‘पडत’ करून छापलं.

फोन केला तर हसतात. “काकू, बर्फ पडतो हो. उडतो तो कापूस!”

पडून गेलेला बर्फच वारा उचलतो, हे किती वेळा सांगायचं? जड कण सरपटतात, हलके उड्या मारतात, आपटताना आणखी कण उडवतात. अगदी बारीक ते हवेतच राहतात. वर आकाश निळं आणि समोरचा हात दिसत नाही. उरण रस्त्यावर ट्रकमागचा धुरळा हा माणूस रोज खातो. तो काय आभाळातून पडतो?

“एका शब्दानं काय होतंय?” म्हणे. काय होतंय! ‘पडत नाहीये ना, मग चला,’ म्हणून कुणी बाहेर पडलं तर? माझी सून त्याच गटात आहे, उद्या निघते.

‘पडत’ म्हणे!

सुनेला दिलं: लाल शाईनं ‘उडत’ केलेलं पत्रक, एक शिट्टी, आणि तंबूपासून कमरेला बांधायची लांब दोरी.